‘मी वसंतराव’ : एका गायकाच्या आयुष्याचा बोलपट

बोलपट म्हणजे वेळेचा अपव्यय, असें समजून तो विषय शाळेच्या वार्षिकांत येऊं न देण्याची वडील मंडळींची रीत आहे, आणि पुष्कळशा बोलपटांच्या बाबतींत ती योग्यहि आहे. परंतु कांहीं थोडे बोलपट असे असतात, कीं ते पाहून घरीं परतल्यावर मनांत प्रश्न उभे राहतात व त्यांचीं उत्तरें शोधतांना मनुष्य कांहींतरी शिकतो. १ एप्रिल २०२२ रोजीं प्रदर्शित झालेला ‘मी वसंतराव’ हा मराठी बोलपट याच जातीचा आहे. थोर गायक व गायकनट डॉ. वसंतराव देशपांडे यांच्या आयुष्यावर तो आधारलेला असून त्याचें दिग्दर्शन निपुण धर्माधिकारी यांनीं केलें आहे, आणि वसंतरावांची भूमिका त्यांचेच नातू राहुल देशपांडे यांनीं केली आहे.

आमच्या वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थ्यांनीं हा बोलपट पाहिला व दुसऱ्या दिवशीं मधल्या सुटींत आम्हांस प्रश्नांनीं घेरलें. एकच राग शिकण्यास महिनेच्या महिने कां लागावे? घराणें म्हणजे काय? एवढा मोठा गवई सरकारी कचेरींत हिशेब करीत कां बसला होता? पडद्यावर जें दिसतें तें सारें खरेंच तसें घडलें काय? हे प्रश्न चांगले होते. पण त्याच आठवड्यांत एक पालक आम्हांस भेटावयास आले, व त्यांनीं जो प्रश्न विचारला तो या सर्वांहून कठीण होता. त्यांचा मुलगा गोड गातो. दिवाळीनंतर गांवोगांवच्या मंडईंत जीं नाटकें होतात त्यांत गाण्यासाठीं त्याला बोलावणीं येऊं लागलीं आहेत. ते म्हणाले, “गुरुजी, या पोराला गाऊं द्यावें, कीं पुस्तकापुढें बसवावें?” त्या वेळीं आम्हीं त्यांना जें तुटक उत्तर दिलें त्यानें आमचेंच समाधान झालें नाहीं. म्हणून हा लेख.

प्रथम वसंतरावांच्या आयुष्याची ओळख करून देतों. त्यांचा जन्म २ मे १९२० रोजीं अकोला जिल्ह्यांतील मूर्तिजापूर येथें झाला. हें गांव आपल्या गोंदियाप्रमाणेंच मुंबई-हावडा या मोठ्या लोहमार्गावर आहे. ज्या गाड्या आपल्या स्थानकावरून रात्रंदिवस धडधडत जातात, त्यांच्याच वाटेवर या गायकाचें जन्मगांव लागतें. त्यांचें बालपण मात्र नागपुरास गेलें. नागपूर आपल्याहून रेल्वेनें सुमारें १३० किलोमीटर. आपल्याकडील किती तरी माणसें सकाळीं कामासाठीं तेथें जातात व रात्रीं परततात. त्यांपैकीं अनेकांनीं तेथील सिव्हिल लाइन्स भागांत वसंतरावांच्या नांवाचें सभागृह पाहिलें असेल. ज्याचें नांव आज त्या इमारतीवर आहे, तो मुलगा त्याच शहरांत ओढगस्तींत वाढला. पतीचें घर सोडून आलेल्या आईनें एकटीनें कष्ट उपसून त्याला लहानाचें मोठें केलें. बोलपटांत आईचें काम अनिता दाते यांनीं केलें आहे, आणि आमच्या मतें साऱ्या कथानकाचा कणा तीच भूमिका होय. स्वतःच्या तोंडचा घास काढून ज्या घरांत मुलाच्या शिक्षणाची तजवीज होते, तेथें गाण्याच्या शिकवणीस पैसे देणें म्हणजे काय, हें आमच्या वाचकांतील पुष्कळ मातांना सांगावें लागणार नाहीं.

नागपुरांत वसंतरावांस शंकरराव सप्रे यांच्याकडे संगीताचें पद्धतशीर शिक्षण मिळालें. याच सप्रे गुरुजींपाशीं राम चितळकर हेहि शिकले, पुढें सी. रामचंद्र या नांवानें हिंदी बोलपटांचे संगीतकार म्हणून ते देशभर गाजले. एका शिक्षकाच्या हाताखालून असे दोन विद्यार्थी निघावेत, ही गोष्ट आम्हां शिक्षकांस विशेष आनंदाची वाटते. लहान वसंताचा गळा लौकरच लोकांच्या कानीं आला, आणि भालजी पेंढारकर यांच्या १९३५ सालच्या ‘कालियामर्दन’ या बोलपटांत त्याला कृष्णाची भूमिका मिळाली.

येथें थोडें विषयांतर करूं. आपल्या देशांत बोलपटाचा आरंभ १९३१ सालीं ‘आलम आरा’नें झाला, व पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ हा १९३२ सालीं निघाला. त्या आरंभींच्या वर्षांत जो नट पडद्यावर दिसे, त्यालाच बहुधा कॅमेऱ्यापुढें उभें राहून स्वतः गावें लागे. एकानें गावें व दुसऱ्यानें ओंठ हलवावे, ही पार्श्वगायनाची रीत आपल्याकडे १९३५ सालीं नितीन बोस यांच्या ‘भाग्यचक्र’ या बंगाली बोलपटापासून व ‘धूपछांव’ या त्याच्या हिंदी अवतारापासून सुरू झाली, असें मानतात. तेव्हां त्या काळीं कृष्णाच्या भूमिकेसाठीं मुलगा निवडतांना गोजिरवाण्या चेहऱ्याबरोबर गळाहि पारखून घ्यावा लागे, हें उघड आहे.

बालवयांत मिळालेली प्रसिद्धि पुष्कळांस पचत नाहीं. वसंतरावांच्या बाबतींत तिचा एक चांगला परिणाम असा झाला, कीं आपल्याला अजून किती शिकावयाचें आहे हें त्यांस कळलें. त्यांच्या मनावर सर्वांत खोल ठसा उमटला तो मास्टर दीनानाथ मंगेशकर यांच्या गाण्याचा. दीनानाथ हे गोमंतकांतील मंगेशीचे. १९१८ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बलवंत संगीत मंडळी ही नाटक कंपनी काढली. १९४२ सालीं वयाच्या अवघ्या ४१ व्या वर्षीं ते वारले. त्यांचें गाणें विजेप्रमाणें चपळ असे, आणि पुढची तान कोठें वळेल याचा अंदाज श्रोत्यांस बांधतां येत नसे. वसंतरावांच्या गाण्यांत ही धडाडी शेवटपर्यंत राहिली. बोलपटांत दीनानाथांची भूमिका अमेय वाघ यांनीं केली आहे.

यापुढें कथानकांतील जो भाग विद्यार्थ्यांस सर्वांत कोड्याचा वाटला, तो येतो. तरुणपणीं वसंतराव लाहोरास गेले. लाहोर हें शहर १९४७ पासून पाकिस्तानांत आहे; तत्पूर्वीं तें हिंदुस्थानांतील संगीताचें एक मोठें पीठ होतें. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनीं आपलें गांधर्व महाविद्यालय प्रथम स्थापिलें तें १९०१ सालीं लाहोर येथेंच. तेथें वसंतरावांनीं असद अलीखां यांच्याकडे शिक्षण घेतलें. असें सांगतात कीं, खांसाहेबांनीं दुसरें कांहींएक न शिकवितां कित्येक महिने केवळ मारवा हा एकच राग त्यांच्याकडून घोटवून घेतला, आणि हा एक राग ज्याला आला त्याला पुढचे राग आपोआप उलगडतील, अशा अर्थाचें सांगून त्यांस निरोप दिला. यावर आमच्या एका विद्यार्थ्याचा आक्षेप असा, कीं मग बाकीचे महिने गुरूनें फुकट घालविले!

हा आक्षेप खोडून काढण्यासाठीं मारव्याची घडण पाहिली पाहिजे. पेटीच्या एका सप्तकांत सात शुद्ध स्वर व पांच विकृत स्वर मिळून बारा पट्ट्या असतात, हें पेटी पाहिलेल्या प्रत्येक मुलास ठाऊक आहे. मारव्यांत त्यांपैकीं फक्त सहा स्वर घेतात : षड्ज, कोमल ऋषभ, शुद्ध गंधार, तीव्र मध्यम, शुद्ध धैवत व शुद्ध निषाद. पंचम अजिबात वर्ज्य आहे. आतां गंमत अशी, कीं हेच सहा स्वर पूरिया या रागांत आहेत व हेच सहा सोहनी या रागांतहि आहेत. अक्षरें तींच, पण शब्द तीन! भेद कशानें पडतो? मारव्यांत कोमल ऋषभ व धैवत या दोन स्वरांवर सारा भर असतो. पूरियांत गंधार व निषाद यांना मान असून त्याचा विस्तार खालच्या, म्हणजे मंद्र सप्तकाकडे झुकतो. सोहनी धैवत व गंधार यांच्या आधारानें वरच्या सप्तकांत चमकते. मारवा सूर्यास्ताच्या वेळीं गातात. सोहनी रात्रीच्या उत्तर प्रहरीं.

मारव्याची खरी अवघड जागा याहून पुढें आहे. कोणतेंहि गाणें म्हणतांना आपण फिरून फिरून षड्जावर येऊन विसावतों; षड्ज म्हणजे गाणाराचें घर. मारव्यांत या घरीं वारंवार जावयाचें नसतें. गायक षड्जाच्या भोंवतीं घिरट्या घालतो, ऋषभावर थांबतो, निषादावरून पुढें जातो, व षड्जावर क्वचितच टेकतो. म्हणून या रागांत दिवस मावळतांना वाटणारी एक विलक्षण हुरहूर भरलेली असते. पण आधाराची जागाच टाळावयाची म्हटल्यावर बाकीचे स्वर किती अचूक लागले पाहिजेत, याचा विचार करावा. तंबोऱ्याची पहिली तार एरव्हीं पंचमांत मिळवितात. मारव्यांत पंचमच नसल्यामुळें ती बहुधा निषादांत मिळवितात. म्हणजे ऐकण्याचा नेहमींचा आधारहि बदलला. अशा स्थितींत ऋषभ केसभर चढला किंवा उतरला तर मारवा राहत नाहीं. हा एक राग ज्याच्या गळ्यावर बसला, त्याला स्वराची नेमकी जागा कळली, स्वरावर भर देणें म्हणजे काय तें कळलें, आणि त्याच स्वरांतून दुसरा राग डोकावूं लागला तर त्याला कसा दूर ठेवावा हेंहि कळलें. भूमितींतील एक सिद्धांत खऱ्या अर्थानें समजलेला मुलगा पुढील दहा सिद्धांत स्वतः सोडवितो, आणि दहा सिद्धांत पाठ करणारा अकराव्यास अडतो. त्यांतलाच हा प्रकार आहे. मात्र लाहोरहून परतल्यावर वसंतरावांनीं शिकणें थांबविलें असें नव्हे. सुरेशबाबू माने, अमान अलीखां, अंजनीबाई मालपेकर अशा भिन्न भिन्न परंपरांच्या थोर कलावंतांकडून त्यांनीं विद्या घेतली. ते तबलाहि उत्तम वाजवीत. त्यामुळें लयीशीं खेळण्याची त्यांची हातोटी कांहीं औरच होती.

येथूनच दुसरा प्रश्न निघतो : घराणें म्हणजे काय? ग्वाल्हेर, किराणा, आग्रा, जयपूर, पतियाळा, भेंडीबाजार हीं सारीं घराण्यांचीं नांवें मूळचीं स्थळांचीं नांवें होत. किराणा म्हणजे उत्तर प्रदेशांतील कैराना, व भेंडीबाजार ही तर मुंबईंतील एक वस्ती. त्या त्या ठिकाणच्या गवयांनीं गाण्याची एक शिस्त बसविली, ती मुलांना व शिष्यांना दिली, व तिला घराणें हें नांव पडलें. किराण्याचा ओढा स्वराच्या आर्ततेकडे, पतियाळ्याचा तयार तानांकडे, भेंडीबाजारचा सरगमच्या रचनांकडे, असें ढोबळ मानानें म्हणतां येईल. ज्या काळीं छापलेलीं पुस्तकें नव्हतीं व ध्वनिमुद्रिका नव्हत्या, त्या काळीं ही विद्या जिवंत राहिली ती घराण्यांच्या या कडक शिस्तीमुळें, हें विसरतां कामा नये. पण प्रत्येक कुंपणाला जसा उपयोग असतो तसा तोटाहि असतो. अनेक गुरूंकडे शिकलेला व नाट्यगीतापासून ठुमरीपर्यंत सर्व कांहीं गाणारा वसंतरावांसारखा गायक आला, तेव्हां हा कोणत्या घराण्याचा, असा प्रश्न जाणकार विचारूं लागले. आणि उत्तर न सांपडल्यामुळें त्याच्या मैफलीला जावें कीं न जावें याविषयीं साशंक झाले. आपलें घराणें आपल्यापासूनच सुरू होतें, असा वसंतरावांचा यावर बाणा असे, असें सांगतात. बोलपटाच्या नांवांतील ‘मी’ या शब्दाचा अर्थ आम्हीं तरी असाच लावतों. तो अहंकाराचा ‘मी’ नाहीं. फार दिवस दुसऱ्यांच्या मापांनीं मोजला गेलेला मनुष्य शेवटीं स्वतःचें नांव स्वतः उच्चारतो, तो हा ‘मी’ आहे.

आतां कारकुनीचा प्रश्न. वसंतरावांनीं पुण्यास लष्कराच्या हिशेब खात्यांत कित्येक वर्षें नोकरी केली. दिवसा आंकड्यांच्या वह्या, रात्रीं गाणें. या नोकरीपायीं त्यांस दूर ईशान्य सीमेवर, नेफा भागांत, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशांतहि जावें लागलें. विद्यार्थ्यांना हा भाग रुक्ष वाटला. त्यांच्या पालकांना तो सर्वांत जवळचा वाटेल. घरांत बायकामुलें व म्हातारी आई असतां महिन्याच्या महिन्यास येणारा पगार सोडून देणें ही शूरपणाची गोष्ट आहे कीं अविचाराची, हें दूर बसून सांगणें सोपें नाहीं. बोलपटानें या बाबतींत प्रामाणिकपणा राखला आहे. नोकरीची त्यानें टवाळी केलेली नाहीं, आणि तिच्यामुळें गायकाचीं ऐन उमेदीचीं वर्षें कशीं निसटत गेलीं हेंहि झांकून ठेविलेलें नाहीं. वसंतरावांचे स्नेही पु. ल. देशपांडे यांची भूमिका पुष्कराज चिरपुटकर यांनीं केली आहे. आपल्या मित्राचें खरें स्थान कोठें आहे हें मित्राच्या आधीं ओळखणारा माणूस जवळ असणें, हें किती मोठें भाग्य आहे, तें त्या प्रसंगांवरून ध्यानांत येतें. अखेरीस वसंतरावांनीं नोकरी सोडली व ते पूर्णपणें गाण्याचे झाले.

त्यानंतर १९६७ सालीं ‘कट्यार काळजात घुसली’ हें नाटक रंगभूमीवर आलें. त्याचे लेखक पुरुषोत्तम दारव्हेकर हेहि नागपूरचे. सारा विदर्भ त्यांना ‘मास्तर’ म्हणून ओळखतो. संगीत पं. जितेंद्र अभिषेकी यांचें होतें, व खांसाहेब आफताब हुसेन ही प्रमुख भूमिका वसंतरावांची. राजगायकाच्या पदासाठीं झुरणारा, घराण्याच्या अभिमानानें पेटलेला व आपली विद्या परक्या शिष्यास द्यावयास नाकारणारा असा हा खांसाहेब आहे. ज्याला घराण्याच्या नांवाखालीं लोकांनीं दूर ठेविलें, त्याच वसंतरावांनीं घराण्याच्या दुराभिमानी गायकाचें दुःख असें कांहीं गाऊन दाखविलें, कीं महाराष्ट्रांतील श्रोता भारून गेला. या भूमिकेनें ते घरोघर पोंचले. पण वाचकांनीं वर्षांची वजाबाकी करून पाहावी. त्या वेळीं वसंतरावांचें वय ४७ होतें. ३० जुलै १९८३ रोजीं, वयाच्या ६४ व्या वर्षांत, त्यांचें निधन झालें. म्हणजे मिळालेला पूर्ण मान उपभोगण्यास त्यांस सोळा वर्षेंहि लाभलीं नाहींत.

ही सारी हकीकत पडद्यावर आहे तशीच घडली काय? याचें उत्तर असें, कीं चरित्रात्मक बोलपट म्हणजे इतिहासाचें पुस्तक नव्हे. ६३ वर्षांचें आयुष्य सुमारें तीन तासांत बसवावयाचें, तर दिग्दर्शकाला निवड करावीच लागते. वर्षानुवर्षें झालेलीं संभाषणें तो एका रात्रींत आणतो. गायकाच्या मनांतील विचार दुसऱ्या पात्राच्या तोंडीं घालतो. मुख्य घटना, व्यक्ति व कालक्रम यांबद्दल चरित्रग्रंथ वाचावा. त्या घटनांनीं माणसाच्या काळजाला काय झालें असेल, तें समजण्यासाठीं बोलपट पाहावा. दोहोंची गल्लत केली नाहीं म्हणजे दोन्ही उपयोगी पडतात.

या बोलपटांत एक गोष्ट मात्र निर्विवाद खरी आहे, आणि ती म्हणजे गाणें. गायकावरील बोलपटांत साधारणतः एक अडचण येते. दिसणारा एक व गाणारा दुसरा असतो. २०११ सालच्या ‘बालगंधर्व’ बोलपटांत भूमिका सुबोध भावे यांची व गळा आनंद भाटे यांचा. तो मेळ इतका उत्तम साधला, कीं भाटे यांस सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तरीहि दोन माणसांचें एक माणूस करावें लागलें, हें खरेंच. ‘मी वसंतराव’मध्यें जो दिसतो तोच गातो, जसें १९३५ सालच्या मुलाला करावें लागलें होतें. श्वास कोठें घेतला, गळ्याची शीर कोठें ताणली, हात केव्हां उचलला, हें सर्व गाण्याशीं जुळतें, कारण तें त्याच देहांतून येतें. या गायनाबद्दल राहुल देशपांडे यांस २०२० या वर्षाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो जुलै २०२२ मध्यें जाहीर झाला. आजोबा वारले तेव्हां हा नातू अवघा तीन-चार वर्षांचा होता. समोर बसून शिकण्याचा योग आलाच नाहीं. इतर गुरूंकडे वर्षानुवर्षें शिकून व आजोबांचीं ध्वनिमुद्रणें पुनः पुनः ऐकून त्यानें ती गायकी आत्मसात केली. रक्तानें गळा मिळत असेल, पण गाणें मिळत नाहीं. तें प्रत्येक पिढीनें नव्यानें कमवावें लागतें. शिक्षकाचा मुलगा गणितांत नापास होतो, याचेंहि कारण हेंच!

शेवटीं त्या पालकांच्या प्रश्नाकडे वळतों. आमचा गोंदिया जिल्हा हा झाडीपट्टीचा भाग. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत धान कापून झालें, कीं मंडई व शंकरपट यांच्या निमित्तानें गांवोगांव नाटकें उभीं राहतात. वडशाच्या कंपन्या गाडीभर सामान घेऊन येतात, ऑर्गन व तबल्याच्या साथीवर पदें होतात, आणि थंडींत कांबळीं पांघरून बसलेले लोक पहांटेपर्यंत हलत नाहींत. इतर ठिकाणीं संगीत नाटकाचे दिवस मागें पडले असतां आपल्या झाडीनें तें आपल्या रीतीनें जिवंत ठेविलें आहे, ही अभिमानाची गोष्ट होय. तेथें गाणारा मुलगा वाईट मार्गाला लागला, असें कोणीं समजूं नये. परंतु पालकांनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या.

पहिली, गळ्याच्या वयाची. साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षीं मुलाचा कंठ फुटतो. स्वरयंत्र वाढतें, आंतील स्वरपट्ट्या लांब व जाड होतात, व आवाज खालीं उतरतो. या दिवसांत रात्रभर वरच्या पट्टींत ओरडून गाणें म्हणजे कोवळ्या रोपट्यावर पीक घेण्यासारखें आहे. हे एक-दोन हंगाम मुलास रंगमंचापासून दूर ठेवावें, खालच्या स्वरांत बेताबेतानें सराव करूं द्यावा, व त्या काळांत तबला किंवा पेटी शिकवावी. वसंतरावांचा तबला त्यांस जन्मभर उपयोगी पडला, हें वर आलेंच आहे.

दुसरी, शिक्षणाची. टाळ्या मिळतात म्हणजे गाणें येतें असें नव्हे. कृष्णाची भूमिका गाजल्यावरहि वसंतराव गुरूच्या शोधांत फिरले. तेव्हां मुलास जवळच्या जाणत्या शिक्षकाकडे बसवावें, आणि सहा महिन्यांत किती गाणीं आलीं असा हिशेब विचारूं नये. मारव्याची गोष्ट आठवावी.

तिसरी, पोटाची. गाण्यावर संसार चालतो काय, या प्रश्नास सर्वांना लागू पडेल असें उत्तर कोणीहि देऊं शकत नाहीं. पण शाळा सोडल्यानें गाणें सुधारतें, असें मात्र या चरित्रांत कोठेंहि दिसत नाहीं. शिकलेल्या माणसाला नोकरी मिळाली. नोकरीनें घर तरलें. आणि योग्य वेळ आली तेव्हां ती सोडण्याचें सामर्थ्यहि त्याच्या ठायीं होतें. त्यांत उशीर झाला, हें दुःख खरें आहे. म्हणून आम्ही असें म्हणतों, कीं मुलाच्या हातीं दोन्ही द्यावें : पोटापुरतें शिक्षण, आणि रोजचा एक तास, ज्या तासांत घरांतील कोणीहि त्याला हांक मारणार नाहीं. असा तास देणें गरीब घरासहि अशक्य नाहीं. त्या माउलीनें नागपुरांत याहून पुष्कळ अधिक दिलें होतें.

आणि विद्यार्थ्यांस आमची एवढीच सूचना, कीं बोलपट पाहून झाल्यावर तेथेंच थांबूं नका. वसंतरावांचीं जुनीं ध्वनिमुद्रणें आज मोबाइलवर सहज ऐकावयास मिळतात. एखाद्या दिवशीं सूर्य मावळतांना, अभ्यासास बसण्यापूर्वीं, त्यांचा मारवा लावून अर्धा घटका निमूट ऐका. पहिल्या दिवशीं कांहीं कळणार नाहीं. चौथ्या दिवशीं गायक षड्जाला कसा टाळतो आहे तें ऐकूं येईल, आणि मग शेवटीं तो त्यावर येऊन टेकला, कीं तुमचाहि श्वास आपोआप सुटेल.

त्या पालकांस आम्हीं पुन्हां बोलावून हेंच सर्व सांगितलें. ते थोडा वेळ बोलले नाहींत, मग म्हणाले, “एक तास देतों, गुरुजी.” मुलाचा कंठ सध्यां फुटला आहे, म्हणून यंदाच्या मंडईचीं बोलावणीं त्यांनीं नाकारलीं, व गांवांतील एका तबलजींकडे त्याला पाठविण्यास आरंभ केला. वर्गांत तो बांकावर बोटांनीं ठेके धरतो, त्याबद्दल त्याला अधूनमधून बोलणीं खावीं लागतात. सहामाहींत त्याचे गणिताचे गुण मात्र वाढले आहेत.